नकाशाचाही ताळा पाहावा लागतो : शाळेचं मैदान मोजताना घडलेला पाठ



मागच्या वर्षी आमच्या गावठाणावरून ड्रोन उडाला त्या दिवशी माझा चौथीचा वर्ग अर्धा तास मैदानात होता. मी सोडला नव्हता, तो आपणहून गेला! वर घरघर ऐकू आली आणि पाटीवरचा भागाकार तसाच राहिला. सगळे माना वर करून उभे. ड्रोन दिसेनासा झाल्यावर एका मुलाने विचारलं, "बाई, ड्रोनला कसं कळतं आमची भिंत कुठं संपते?"

मी सांगून टाकलं, "त्यात कॅमेरा असतो, शिवाय उपग्रह असतात." तो गप्प बसला नाही. म्हणाला, "पण आमचे पत्रे तर काकांच्या अंगणात आलेत. वरून पत्रेच दिसणार ना?"

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. डीएडला असताना नकाशा वाचनाचा पाठ मी तक्त्यावर घेतला होता. दिशा, सूची, प्रमाण, झालं. नकाशा वाचायचा असतो एवढंच डोक्यात बसलेलं. तो कुणीतरी मोजून काढलेला असतो आणि मोजणारा चुकूही शकतो, हे कधी शिकवलंच नव्हतं. त्या प्रश्नानंतर दोन महिने आमच्या वर्गात मोजणी हा एकच विषय गणित, परिसर अभ्यास आणि मराठी अशा तिन्ही तासांना चालू होता. त्यात काय काय झालं ते तुमच्यासाठी लिहिते आहे. शेवटी ते शाळेच्या अर्ध्या गुंठ्यापर्यंत येऊन ठेपलं, तेही सांगते.

आधी ड्रोन कशासाठी आला ते

आपल्या शेतजमिनीला सातबारा असतो, गट नंबर असतो, नकाशा असतो. पण गावठाणातल्या घरांचं तसं नाही. जुन्या नकाशांत बहुतेक ठिकाणी सगळं गावठाण एकच तुकडा म्हणून दाखवलेलं असतं. आतल्या एकेका घराची मोजणीच झालेली नसते. पिढ्यानपिढ्या राहतोय, ग्रामपंचायतीत घरपट्टी भरतोय, पण जागेची हद्द दाखवणारा सरकारी कागद नाही, अशी लाखो घरं आहेत. महाराष्ट्रात गावठाणांची ड्रोनने मोजणी करून बघण्याची सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात सोनोरी गावापासून झाली. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी देशपातळीवर स्वामित्व योजना जाहीर झाली. भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोन उडवतो आणि भूमी अभिलेख खात्याची माणसं गावात फिरून चौकशी करतात. शेवटी घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. ड्रोनला भिंत कळत नाही. मालकी तर मुळीच कळत नाही. म्हणून ड्रोन यायच्या आधी गावात चुन्याच्या रेषा मारतात. शेजारी-शेजारी उभं राहून "ही माझी हद्द, ही तुझी" असं दाखवायचं आणि त्यावर पांढरी रेघ ओढायची. ड्रोन ती रेघ टिपतो. म्हणजे हद्द आधी माणसं ठरवतात, यंत्र ती फक्त कुठे आहे हे सांगतं. रेघच चुकीच्या जागी असेल तर यंत्र ती चुकीची रेघ अगदी अचूक मोजून देतं!

एक ड्रोन, एक कॅमेरा, मग लांबी-रुंदी कशी कळते? त्यासाठी वर्गात हा खेळ घ्या. मुलांना एक डोळा मिटून दोन हातांतल्या पेन्सिलींची टोकं एकमेकांना टेकवायला सांगा. बहुतेकांची हुकतात. दोन्ही डोळे उघडले की जमतं. दोन वेगळ्या जागांवरून बघितलं की खोली कळते. ड्रोन पुढे सरकत एकावर एक चढणारे शेकडो फोटो काढतो, म्हणजे एकच उंबरा त्याला बऱ्याच जागांवरून दिसतो. त्यावरून संगणक प्रत्येक बिंदूची जागा काढतो. पण जे वरून दिसतच नाही, त्याचं काय करणार? चिंचेच्या झाडाखालचा बांध दिसत नाही. पत्र्याच्या वळचणीखालची भिंत दिसत नाही. माझ्या वर्गातल्या त्या मुलाचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून तर ड्रोन गेल्यावर माणसाला टेप घेऊन पुन्हा गल्लीत यावं लागतं.

हात कुणाचा?

पहिल्या आठवड्यात आम्ही मोजायला काहीच साधन घेतलं नाही. आपापल्या हाताने, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, व्हरांडा मोजा म्हटलं. एकाचे 31 हात आले, एकीचे 35. भांडण सुरू. मला तेच हवं होतं.

आपल्याकडे पूर्वी जमीन अशीच मोजायचे. पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, 20 काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा, 120 बिघ्यांचा एक चाहूर. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, पांड आणि बिघा हे शब्द त्यांच्या तोंडी अजून असतील. पण हात कुणाचा धरायचा? उंच माणसाचा हात लांब, त्याची काठी लांब, आणि शेत कागदावर लहान! पालकांपैकी एक आजोबा त्या दिवशी शाळेत आले होते. ते हसून म्हणाले, "पाटलाचा हात धरायचा, दुसरा कुणाचा."

इंग्रजी अमलात साखळी आली. एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1620 च्या सुमारास 66 फुटांची, 100 कड्यांची साखळी रूढ केली. आपल्या भागात तिच्या निम्मी, 33 फुटांची साखळी वापरली गेली आणि तिचे 16 आणे पाडले. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. हे वर्गात करून घ्या: 33 गुणिले 33, उत्तर 1089 चौरस फूट. 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे 1089 गुणिले 40, 43,560 चौरस फूट. बिल्डरच्या जाहिरातीपासून सातबारापर्यंत सगळीकडे दिसणारा आकडा मुलांनी स्वतः काढला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. "बाई, म्हणून गुंठा असा विचित्र आकडा आहे होय!" ही आमच्या वर्गातली प्रतिक्रिया.

मोजणी म्हणजे नुसती लांबी-रुंदी नव्हे, तिच्यावर शेतसारा ठरतो, हेही सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पहिली मोठी मोजणी आणि आकारणी केली. ती फसली. शेतकऱ्यांना सारा झेपेना, लोक जमिनी सोडून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. शेतांना नंबर दिले, हद्दीला दगड रोवले. 'सर्व्हे नंबर' हा शब्द तिथून आपल्या घरात आला. कागदावरचा चुकलेला आकडा माणसाला गाव सोडायला लावू शकतो, हे चौथीच्या मुलांना समजतं. आपल्याला वाटतं तेवढी ती लहान नसतात.

चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही

आता पाठाचा गाभा.

आइस्क्रीमच्या काड्या जमवा. चार काड्यांना टोकाशी भोकं पाडून टाचणीने जोडा. चौकोन होतो, पण बोटाने ढकलला की तिरपा होतो. बाजू त्याच, आकार वेगळा, आतली जागाही वेगळी. आता तीन काड्यांचा त्रिकोण करा. ढकला. हलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. घराच्या कैच्या, विजेचा मनोरा, सायकलची फ्रेम यात मुलांना त्रिकोण शोधायला लावा. अर्धा तास वर्ग शांत राहील याची हमी देते.

या एका गुणावर सगळ्या हिंदुस्थानचा नकाशा उभा राहिला. 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने एक सरळ रेघ मोजायला घेतली. सुमारे साडेसात मैल, म्हणजे 12 किलोमीटर. मोजायला लागले 57 दिवस! मुलं हसतात. 12 किलोमीटर तर एसटीने वीस मिनिटांत जातो. पण ऐका, 100 फुटांची पोलादी साखळी उन्हात वाढते, सावलीत आखडते. म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून, तापमान बघून, तेवढी वजावट करत पुढे जायचं. जमिनीवर तशीच टाकली तर ती चढउताराबरोबर वाकणार, म्हणून पेट्यांना आधार द्यायचा. इतकी काळजी का? कारण पुढचं सगळं या एका रेषेवर अवलंबून होतं. रेषेच्या दोन टोकांवरून लांबची टेकडी बघायची, दोन कोन मोजायचे, झाला त्रिकोण. उरलेल्या दोन बाजू चालत न जाता गणिताने मिळाल्या. त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर पुढचा.

कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. 1808 मध्ये तंजावरच्या मोठ्या मंदिराच्या शिखरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र आपटून वाकडं झालं. लॅम्बटनने तंबूत बसून सहा आठवडे ते ठोकून-ठोकून सरळ केलं. ही गोष्ट मुलांना फार आवडते. आपल्या कंपासपेटीतला कोनमापक मोडला तर आपण नवीन मागतो, असं मी म्हटलं तर वर्गातून आवाज आला, "बाई, त्याला कुठं मिळणार दुकान?"

पण माझ्या दृष्टीने त्याची मोठी गोष्ट वेगळीच आहे. त्रिकोणांची माळ लांब गेल्यावर तो थांबायचा आणि पुन्हा एक रेघ जमिनीवर प्रत्यक्ष मोजायचा. गणिताने तिची लांबी आधीच काढलेली असायची. दोन्ही आकडे जुळतात का बघायचं. बंगळूरजवळ त्याने असं केलं तेव्हा अनेक मैलांच्या रेषेत फरक निघाला काही इंचांचा. याला आपण काय म्हणतो? ताळा! बेरीज केली की ताळा बघा, असं आपण रोज ओरडतो. मोजणीतही तेच आहे आणि मोजणीत तो सोडून चालत नाही.

लॅम्बटनचा शेवट आपल्या महाराष्ट्रात झाला. जानेवारी 1823 मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जाताना वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. तिथेच त्याची कबर आहे. विदर्भातल्या शिक्षकांनी सहलीच्या यादीत हिंगणघाट घालायला हरकत नाही.

काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं. त्याच्या हाताखाली 1831 मध्ये कलकत्त्याचा राधानाथ सिकदार हा विशीतही न पोचलेला मुलगा गणक म्हणून लागला. हिमालयातल्या पंधरा नंबरच्या शिखराची उंची सगळ्यांत जास्त आहे हे पुढे त्याच्या आकडेमोडीतून पुढे आलं. नेपाळमध्ये जायला परवानगी नव्हती, म्हणून मैदानी भागातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून, दीडशेहून अधिक किलोमीटरवरून कोन घेतलेले. प्रत्येक ठिकाणाहून उत्तर थोडं वेगळं. 1856 मध्ये 29,002 फूट ही उंची जाहीर झाली. 2020 च्या डिसेंबरमध्ये नेपाळ आणि चीनने उपग्रहांच्या मदतीने मोजून 8848.86 मीटर जाहीर केली. फुटांचे मीटर करून बघा, फरक जेमतेम 9 मीटरचा येतो. पायथ्यालाही न जाता!

मोबाइलचा ठिपका का नाचतो

"मोबाइलवर लोकेशन दिसतं की, मग एवढी खटपट कशाला?" हा प्रश्न पालकसभेत आलाच. उत्तर तोंडी देऊ नका. झेंड्याच्या खांबाजवळ तीन पालकांचे मोबाइल एकत्र ठेवा आणि तिन्हींवर नकाशा उघडा. तीन ठिपके तीन जागी दिसतील. आमच्याकडे एकाचा ठिपका चक्क रस्त्यापलीकडच्या हौदात होता.

असं का होतं, ते दोऱ्यांनी दाखवता येतं. मैदानात एक खडू लपवा. मुलांना सांगा: खडू खांबापासून 8 मीटरवर आहे. मुलं दोरी धरून गोल फिरतात, खडू त्या वर्तुळावर कुठेही असेल. आता सांगा: नळापासून 6 मीटरवर. दोन दोऱ्या दोनच ठिकाणी भेटतात. तिसरं अंतर लिंबाच्या झाडापासून द्या, जागा पक्की. उपग्रहही असंच करतात, फक्त खांब 20,000 किलोमीटर वर असतो आणि दोरीच्या जागी रेडिओ संदेशाला लागलेला वेळ. हा संदेश सेकंदाला 3 लाख किलोमीटर वेगाने येतो. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतर 300 मीटरने चुकतं. मोबाइलचं घड्याळ काही तितकं पक्कं नाही, म्हणून चौथा उपग्रह घेऊन घड्याळाची चूकही सोडवतात. तरी हवेच्या थरांतून येताना संदेश रेंगाळतो, भिंतींवर आपटून येतो. उघड्या आकाशाखाली साधा मोबाइल साधारण 5 मीटर इकडेतिकडे दाखवतो. रस्ता शोधायला पुष्कळ. पण दोन भावांच्या भिंतीसाठी? 5 मीटरमध्ये एक खोली बसते.

मग मोजणीवाले उपग्रहावरूनच काही सेंटिमीटरपर्यंत कसे जातात? इथे मला किराणा दुकान कामाला आलं. तराजूत पासंग असेल तर दुकानदार काय करतो? दोन्ही पारडी रिकामी धरून किती झुकतं ते बघतो आणि तेवढं वजन हलक्या बाजूला टाकतो. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर कायमची केंद्रं उभारली आहेत. त्यांची जागा आधीच पक्की मोजलेली असते. उपग्रह त्यांना "तुम्ही इथे आहात" असं जे सांगतात ते आणि खरी जागा यांतला फरक म्हणजे पासंग. तो फरक केंद्र त्याच क्षणी आसपासच्या मोजणी यंत्रांना कळवतं आणि ती यंत्रं तेवढी दुरुस्ती करतात. भूकरमापक काठीवर टोपीसारखं यंत्र लावून शेतात उभा दिसतो ना, त्याला रोव्हर म्हणतात. तो एकटा नसतो, लांबचं एक केंद्र त्याचा पासंग काढत असतं.

एक शंका दोन-तीन शिक्षकांनी फोनवर विचारली, म्हणून थोडक्यात सांगते. मुलांनी गावाचा नकाशा काढला तर परवानगी लागते का? नाही. पूर्वी नकाशांवर बरीच बंधनं होती, पण 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय नागरिकांना नकाशे करणं आणि वापरणं पुष्कळ मोकळं झालं आहे. इस्रोचं भुवन आणि राज्याचं महाभूनकाशा मोबाइलवर बघता येतं. मात्र ते वरिष्ठ वर्गांसाठी ठेवा, चौथीला आधी टेप धरू द्या.

आमचं मैदान

डिसेंबरात आम्ही मैदान मोजलं. 30 मीटरचा टेप गवंडीकाम करणाऱ्या एका पालकाकडून आणला. रस्त्याकडची बाजू 41.2 मीटर, मागची 38.8, डावी 27.5, उजवी 27. वहीत प्रमाण घेतलं 1 सेंटिमीटरला 5 मीटर. म्हणजे 1:500. गावठाणाचे नकाशेही याच प्रमाणावर असतात. (भारतीय सर्वेक्षण विभागाचे नेहमीचे स्थलनिर्देशक नकाशे 1:50,000 चे. त्यावर आमचं मैदान एका मिलिमीटरहून लहान येतं. "म्हणजे टाचणीचं डोकं!" इति मुलं.)

चार गटांनी चार नकाशे काढले. चारही वेगळे! बाजू सगळ्यांच्या बरोबर. एकाचा डावीकडे कललेला, एकाचा उजवीकडे, एकाने तर सरळ आयत ओढून जिथे जुळेना तिथे खोडरबर घेतलेला. मी काही बोलले नाही. आइस्क्रीमच्या काड्यांचा चौकोन टेबलावर ठेवला आणि बोटाने ढकलला. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तिरकं मोजायचं राहिलं!"

मग कर्ण मोजला, 47.9 मीटर. आता दोन त्रिकोण झाले, नकाशा हलेना. पण मी अजून एक काम दिलं. दुसरा कर्ण नकाशा काढायला वापरायचा नाही. तो आधी वहीत फूटपट्टीने मोजायचा, मग मैदानात टेपने. हाच आपला ताळा.

मैदानात आला 48.9. तीन गटांच्या वहीत 9.8 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे 49 मीटर. चालेल. चौथ्या गटाचा आला 9.6, म्हणजे 48 मीटर. 90 सेंटिमीटरचा फरक. गटप्रमुख मुलगी रडकुंडीला आली, कारण तिची रेघ सगळ्यांत सुबक होती. बाजू पुन्हा तपासल्या तर मागची बाजू 38.8 च्या जागी तिने 37.8 उतरवली होती. 30 मीटरचा टेप संपून दुसऱ्यांदा लावताना एक मीटर गळाला होता. ताळा नसता तर तो सुबक नकाशाच आम्ही फळ्यावर लावला असता.

क्षेत्रफळ आलं साधारण 1088 चौरस मीटर. गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर, तेव्हा पावणेअकरा गुंठे. मुलांनी ते ठळक अक्षरांत लिहून नकाशा व्हरांड्यात चिकटवला.

आणि तो अर्धा गुंठा

फेब्रुवारीत गावठाणाचा कच्चा नकाशा ग्रामपंचायतीत लागला. कुणीतरी त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. फोटोवर मोजता येत नाही हे लक्षात ठेवा. मोबाइलवर तो हवा तसा लहानमोठा होतो आणि 1:500 या आकड्याला काही अर्थ उरत नाही. झेरॉक्सचंही तेच. रेषाप्रमाण छापलेलं असेल तर गोष्ट वेगळी, कारण नकाशा आखडला तर तीही रेघ तेवढीच आखडते. अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण यांतला फरक मी दहा वर्षं शिकवत होते, त्याचा उपयोग मला त्या दिवशी कळला.

मधल्या सुट्टीत फूटपट्टी घेऊन ग्रामपंचायतीत गेले. शाळेची रस्त्याकडची बाजू बरोबर होती. मागची बाजू मोजली तर सात सेंटिमीटर. म्हणजे 35 मीटर. आमच्या व्हरांड्यातल्या नकाशावर 38.8.

आधी वाटलं, आपलंच चुकलं असेल. पोरांनी टेप धरलेला. पण पोरांच्या नकाशाचा ताळा झाला होता ना! परत येऊन मागच्या कोपऱ्यात उभी राहिले आणि सगळं समजलं. तिथली कुंपणभिंत पडून चार-पाच वर्षं झालीत. वर चिंच पसरलेली. शेजारच्यांनी कडब्याची गंजी आतल्या बाजूला रचली आहे, आम्हीही कधी काही म्हटलं नाही. चुना मारला तो दिवाळीच्या सुट्टीत. शाळेतर्फे कुणी हजर नव्हतं, मीसुद्धा माहेरी होते. मारणाऱ्याने गंजीच्या कडेने रेघ ओढली. ड्रोनने ती इमानदारीने मोजली. चूक कुणाची? यंत्राची तर नाहीच. न आलेल्या आमची.

कोपरा पावणेचार मीटर आत सरकला की त्रिकोणी तुकडा जातो, सुमारे अर्ध्या गुंठ्याचा. तुम्ही म्हणाल, अर्धा गुंठाच तर आहे. पण आमची मुलींची स्वच्छतागृहं त्याच कोपऱ्यात मंजूर आहेत.

शाळा व्यवस्थापन समितीने लेखी हरकत दिली. सोबत मुलांचा नकाशा जोडायचा की नाही यावर वाद झाला. हसं होईल, असं काहींचं मत. मुलांचा नकाशा हा पुरावा नाही, हे मलाही मान्य होतं. तरी जोडला. चौकशीला भूकरमापक आले, त्यांनी तो बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "दोन्ही कर्ण घेतलेत?" घेतलेत म्हटल्यावर ते काही न बोलता कोपऱ्याकडे चालू लागले. गंजी थोडी सरकवल्यावर जुन्या भिंतीचा पाया आणि कोपऱ्याचा दगड सापडला. शेजारचे आजोबा तिथेच उभे होते. म्हणाले, "दगड आमच्या वडिलांदेखत रोवलाय. मला काय नको शाळेची जागा, कडबा ठेवायला आडोसा होता म्हणून." त्यांच्यासमोर मोजणी झाली, पंचनाम्यावर त्यांनी सही केली. दुरुस्त नकाशात मागची बाजू 38.7 आली. आमच्यापेक्षा 10 सेंटिमीटर कमी. टेप झोळ खातो, मुलांनी नीट ताणला नसणार.

पालकांना एवढंच सांगेन: तुमच्या गावात चुना मारतील त्या दिवशी घरी थांबा. शेजाऱ्याला सोबत घ्या. कच्चा नकाशा लागला की फोटोवर विसंबू नका, फूटपट्टी घेऊन स्वतः जा आणि हरकतीची मुदत किती आहे ते तिथेच विचारून घ्या. घराची मोजमापं आधीच काढून ठेवली असतील तर उत्तम. घर चौकोनी दिसलं तरी कर्ण मोजा.

शिक्षकांसाठी एक सूचना. टेप धरताना शून्य कुठे आहे ते आधी बघून घ्या. काही टेपांत ते कडीच्या बाहेरच्या टोकाला असतं, काहींत थोडं आत. आमचा पहिला दिवस त्यातच गेला.

ज्या मुलाने ड्रोनचा प्रश्न विचारला होता, त्याने एका शनिवारी टेप घरी न्यायला मागितला. दिला. सोमवारी तो चिखलाने माखलेला परत आला आणि सोबत वहीचं पान. त्यावर घराच्या तीन बाजू, दारातून घेतलेला एक कर्ण आणि पत्रे भिंतीच्या बाहेर किती आलेत तो आकडा, 45 सेंटिमीटर. चौथी बाजू काकांच्या अंगणातून जाते. तिथे त्याने रेघ तुटक काढली होती आणि आकड्याच्या जागी लिहिलं होतं, 'काकांना विचारून'.